केराचे मोल : आयर्लंडच्या अनुभवावरून काही विचार

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरातील केर उंबऱ्याबाहेर पडला की घराची जबाबदारी संपली, ही समजूत फार जुनी आहे. एके काळी ती फारशी चुकीचीही नव्हती. शेतकऱ्याच्या घरी टाकून देण्याजोगे असे काही उरतच नसे. उष्टेखरकटे गुरांच्या मुखी जाई, शेण व पालापाचोळा उकिरड्यात पडून त्याचे खत होई, चुलीच्या राखेने भांडी घासली जात, फाटक्या लुगड्याची गोधडी होई आणि फुटक्या भांड्याला मोडीचा भाव येई. उकिरडा म्हणजे पुढील हंगामाची तजवीजच होती. आज त्याच उकिरड्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, खाऊची चकचकीत वेष्टने, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि फुटक्या बाटल्या येऊन पडल्या आहेत. या वस्तू कुजत नाहीत; जनावराच्या पोटात गेल्या तर त्याच्या जिवावर बेततात; जाळल्या तर विषारी धूर सोडतात. म्हणून केर नेण्यासाठी आता अनेक गावांतही घंटागाडी फिरू लागली आहे. गाडी आली म्हणजे तिचा खर्च आला. आणि खर्च आला म्हणजे तो कोणी, किती आणि कोणत्या रूपाने द्यावयाचा, हा प्रश्न ग्रामसभेपुढे आल्यावाचून राहत नाही.

अशा प्रश्नाचा विचार करताना, ज्यांनी तो आधी सोडविण्याचा प्रयत्न केला, त्यात ठेचा खाल्ल्या आणि काही यशही मिळविले, अशा एखाद्या समाजाचा अनुभव पाहणे हितावह असते. या दृष्टीने आयर्लंड या देशाचा अनुभव फार बोलका आहे. लोकमान्य टिळक व ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये ज्या होमरूलच्या नावाने चळवळ उभारली, ते नाव आयरिश लोकांच्या लढ्यातूनच आले होते. त्यामुळे हा देश महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नाही. २०२२ च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या सुमारे ५१ लाख, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी आहे. एवढ्याशा देशात केराच्या डब्यावरून मोर्चे निघाले, लोकप्रतिनिधी तुरुंगात गेले आणि मंत्र्यांना आपले निर्णय मागे घ्यावे लागले. असे का घडले, हे समजून घेतले पाहिजे.

या कथेचा आरंभ केरापासून होत नाही, घरपट्टीपासून होतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर व आरोग्य कर असतो. आयर्लंडमध्येही राहत्या घरांवर असा स्थानिक कर होता व त्यातून रस्ते, दिवे, पाणी आणि केर यांचा खर्च भागत असे. १९७७ च्या निवडणुकीत हा कर रद्द करण्याचे आश्वासन देण्यात आले आणि १९७८ मध्ये ते अमलात आले. लोकांना आनंद झाला. परंतु स्थानिक संस्थांच्या उत्पन्नाचा एक मोठा झरा आटला. मध्यवर्ती सरकारच्या अनुदानाकडे डोळे लावून बसण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही. अखेर १९८३ मध्ये कायदा करून स्थानिक संस्थांना सेवांसाठी स्वतंत्र आकार घेण्याची मुभा देण्यात आली. जो खर्च पूर्वी करात मिसळलेला होता, तो आता वेगळा काढून दारोदार मागावयाचा होता. घरातून केर पूर्वीसारखाच बाहेर पडत होता. बदलली होती ती पावती. पुढील सर्व वादाचे बीज येथे पेरले गेले.

दरम्यान केराची व्यवस्थाही बदलत होती. पूर्वी सर्व केर एकत्र नेऊन खड्ड्यात पुरला जाई. अशा पुरलेल्या केरातून झिरपणारे काळे पाणी भूजल नासविते आणि कुजण्यातून निघणारा मिथेन वायू वातावरणाचे तापमान वाढवितो, हे ध्यानात आल्यावर युरोपीय देशांनी केर पुरण्यावर कडक बंधने आणली. आयर्लंडने २००२ मध्ये पुरल्या जाणाऱ्या केरावर दर टनास १५ युरो कर बसविला आणि तो वाढवीत वाढवीत २०१३ मध्ये ७५ युरोंपर्यंत नेला. घराघरांत वेगवेगळ्या रंगांचे डबे आले. हिरव्या डब्यात कागद, पुठ्ठा, डबे, बाटल्या असा पुन्हा उपयोगात आणण्याजोगा माल. तपकिरी डब्यात अन्नाचे व बागेतील अवशेष. आणि उरलेल्या निरुपयोगी केरासाठी काळा डबा. आपण ज्याला ओला कचरा आणि सुका कचरा म्हणतो, त्याचीच ही वाटणी होती.

त्याच वर्षी, २००२ च्या मार्च महिन्यात, आणखी एक लहानसा प्रयोग झाला. दुकानात सामानाबरोबर फुकट मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर १५ सेंट कर बसविण्यात आला. शंभर सेंटचा एक युरो होतो, एवढे ध्यानात घेतले म्हणजे ही रक्कम किती अल्प होती, हे समजेल. तरीही त्यापूर्वी दर माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या वापरल्या जात, त्या अल्पावधीत सुमारे २१ वर आल्या. लोक कापडी पिशव्या बरोबर नेऊ लागले. या कराला फारसा विरोध झाला नाही, आणि त्याचे कारणही स्पष्ट आहे. हा कर चुकविण्याचा सरळ आणि प्रामाणिक मार्ग प्रत्येकाच्या हाती होता. घरून पिशवी नेली की एक सेंटही द्यावा लागत नसे. शिवाय जमलेला पैसा पर्यावरणाच्या कामासाठी वेगळा ठेवला जात असे.

केराच्या डब्याचा आकार मात्र या जातीचा नव्हता. पिशवी नाकारता येते. केर कसा नाकारावा? कितीही काटकसरीचे घर असले तरी त्यातून काही ना काही बाहेर पडणारच. राजधानी डब्लिनमध्ये या शतकाच्या आरंभी हा आकार लागू झाला, तेव्हा कष्टकऱ्यांच्या वस्त्यांतून त्याला कडवा विरोध झाला. विरोधकांचे म्हणणे असे की, लोक वेतनावर आणि खरेदीवर कर देतच आहेत. त्याच सेवेसाठी पुन्हा पैसे मागणे हा दुहेरी कर होय. आणि एकदा डब्याला किंमत लागली की उद्या हे काम खासगी कंपन्यांच्या हाती जाईल. शासनाचे म्हणणे असे की, जो अधिक घाण करतो त्याने अधिक द्यावे, हेच न्याय्य आहे. फुकट सेवेमुळे केर कमी करण्याची बुद्धी कोणालाच होत नाही. २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, पैसे न भरणाऱ्यांचा केर न उचलण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. आंदोलकांनी केराच्या गाड्या अडविल्या. तसे न करण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल सप्टेंबर २००३ मध्ये संसद सदस्य जो हिगिन्स व नगरसेविका क्लेअर डेली यांना एक महिन्याचा कारावास भोगावा लागला. एका अर्थी दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि म्हणूनच हा वाद केवळ पैशाने किंवा केवळ कायद्याने मिटण्यासारखा नव्हता.

आंदोलकांची भीती पुढे बऱ्याच अंशी खरी ठरली. देशातील बहुतेक स्थानिक संस्था एकामागून एक या कामातून बाहेर पडल्या. डब्लिनमधील चार स्थानिक संस्थांनी २००८ मध्ये घरगुती केर गोळा करण्याचे काम स्वतःकडे अथवा आपण नेमलेल्या एका कंत्राटदाराकडे राखून ठेवण्याचा प्रयत्न केला. परंतु खासगी कंपन्या न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २००९ मध्ये उच्च न्यायालयाने हा निर्णय स्पर्धेच्या कायद्याशी विसंगत ठरविला. जानेवारी २०१२ मध्ये डब्लिनच्या नगरपरिषदेने घरगुती केर गोळा करण्याचे काम सोडून दिले व आपले ग्राहक एका खासगी कंपनीच्या स्वाधीन केले. नगरपरिषदेकडून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना आकारात सूट मिळत असे. खासगी कंपन्यांवर अशी सूट देण्याचे कायदेशीर बंधन नव्हते. काल जो ‘नागरिक’ होता, तो आज ‘ग्राहक’ झाला. शब्दातील हा बदल लहान वाटतो. परंतु नागरिकाच्या अडचणीची दखल घेणे हे नगरपरिषदेचे कर्तव्य असते, तर ग्राहकाची अडचण ही बहुधा त्याची स्वतःची बाब मानली जाते.

स्पर्धेमुळे दर उतरतील व सेवा सुधारेल, असे सांगितले जात होते. केराच्या बाबतीत हे तत्त्व पूर्णांशाने लागू पडत नाही. एकाच गल्लीतून दोन-तीन कंपन्यांच्या गाड्या निरनिराळ्या दिवशी फिरतात. प्रत्येक गाडी चार घरे घेते आणि सहा सोडते. इंधन, वेळ आणि मनुष्यबळ यांचा खर्च मात्र तिप्पट होतो. हेच काम एका गाडीने एका फेरीत केले तर स्वस्त पडते. म्हणून युरोपातील पुष्कळ देशांत एका भागाचे काम ठरावीक मुदतीसाठी एकालाच निविदा मागवून दिले जाते. स्पर्धा होते ती काम मिळविण्यासाठी, प्रत्येक दारापुढे नव्हे. आयर्लंडच्या स्पर्धा व ग्राहकसंरक्षण आयोगाने २०१८ च्या आपल्या अहवालात हेच मत मांडले. घरगुती केराच्या बाजारात अनेक ठिकाणी स्वाभाविक मक्तेदारीची लक्षणे आहेत, आणि त्यावर देखरेख करणारी स्वतंत्र नियामक यंत्रणा असावी, अशी शिफारस त्याने केली.

आता दराचा प्रश्न. २०१६ च्या जुलैपासून वजनाप्रमाणे आकार घेण्याची पद्धत सक्तीची करावी, असे शासनाने ठरविले होते. काळ्या डब्यातील केरास दर किलोला किमान ११ सेंट आणि अन्नाच्या केरास किमान ६ सेंट, असे दर ठरले. तत्त्व निर्दोष वाटते. एखाद्या घरातून आठवड्याला १० किलो केर निघतो व त्यातील ४ किलो अन्नाचा असतो, असे धरू. सर्व केर काळ्या डब्यात टाकला तर ११० सेंट पडतील. अन्नाचा केर वेगळा केला, तर काळ्या डब्याचे ६६ व तपकिरी डब्याचे २४ मिळून ९० सेंट होतील; म्हणजे २० सेंटची बचत. चौथीच्या विद्यार्थ्यालाही सुटेल असे हे उदाहरण आहे. परंतु याच उदाहरणाचा दुसरा भागही विद्यार्थ्यांपुढे ठेवला पाहिजे. वजनाच्या दराशिवाय कंपनीचा एक ठरीव वार्षिक आकार असतो. तो १०० युरो आहे असे समजा. वर्षभर काटेकोरपणे वर्गीकरण करून त्या कुटुंबाची बचत होईल १० युरो ४० सेंट. कंपनीने ठरीव आकारच २० युरोंनी वाढविला, तर ही सारी बचत बुडून वर खिशातून आणखी पैसे जातील. २०१६ मध्ये नेमकी अशीच तक्रार उठली. नव्या पद्धतीच्या निमित्ताने कंपन्यांनी ठरीव आकार वाढविल्याचे लोकांच्या लक्षात आले, असंतोष उसळला आणि शासनाला सक्ती पुढे ढकलून वर्षभर दर गोठविण्याविषयी कंपन्यांशी समझोता करावा लागला. पुढे २०१७ मध्ये, सरसकट एकच वार्षिक रक्कम घेण्याची पद्धत हळूहळू बंद करावी, परंतु वजन, खेपा अथवा अन्य मार्गांपैकी कोणता घ्यावयाचा हे कंपनीने ठरवावे, असा मध्यम मार्ग काढण्यात आला.

या वादात आणखी एक गोष्ट पुढे आली. घरात अंथरुणाला खिळलेला वृद्ध असतो, शरीरधर्मावर ताबा नसलेला रुग्ण असतो, तान्हे मूल असते. त्यांच्यासाठी वापरावी लागणारी वस्त्रे व पट्ट्या जड असतात आणि त्या काळ्या डब्यातच टाकाव्या लागतात. त्या घराचा केर वजनदार असतो तो उधळपट्टीमुळे नव्हे, आजारपणामुळे. ‘जो अधिक घाण करतो त्याने अधिक द्यावे’ हे तत्त्व अशा दारापुढे आले की ते क्रूर होते. २०१७ मध्ये शासनाने अशा रुग्णांसाठी वर्षाला ७५ युरोंचे साहाय्य जाहीर केले, ते याच जाणिवेतून. वजनकाटा खोटे बोलत नाही. परंतु तो सर्व काही सांगतही नाही. काट्याने न सांगितलेले ऐकण्यासाठी माणूस लागतो, संस्था लागते, लोकांना उत्तर देण्यास बांधलेले शासन लागते.

हिरव्या डब्याची कथा याहून निराळी आहे. या डब्यातील माल विकला जातो, म्हणून बराच काळ तो फुकट अथवा नाममात्र आकाराने उचलला जाई. लोकांना वाटे, निदान येथे तरी आपण देशाचे काम करतो आणि आपल्याला भुर्दंड पडत नाही. परंतु हा माल जात होता कोठे? आयर्लंडमधून परदेशी जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या केरापैकी फार मोठा भाग चीनला जात असे. चीनने २०१७ मध्ये आपला निर्णय जागतिक व्यापार संघटनेस कळविला आणि जानेवारी २०१८ पासून २४ प्रकारचा केर घेणे बंद केले; जो माल घ्यावयाचा त्यातही अर्ध्या टक्क्याहून अधिक भेसळ चालणार नाही, असा नियम त्याच वर्षी लागू केला. दह्याचा न धुतलेला डबा, ओला कागद, तेलकट पुठ्ठा यांमुळे संपूर्ण गठ्ठाच नाकारला जाऊ लागला. भाव कोसळले. २०१८ मध्ये डब्लिनमधील काही ग्राहकांना हिरव्या डब्यासाठीही पैसे मोजावे लागू लागले. वर्षानुवर्षे डबे धुऊन ठेवणाऱ्या गृहिणीला हा अन्यायच वाटला असल्यास नवल नाही.

मात्र त्यातून एक सत्य उघड झाले. केर वेगळा काढून ठेवला म्हणजे त्याचा पुनरुपयोग झाला असे होत नाही. हिरव्या डब्यातील माल कारखान्यात जातो. फिरत्या चाळणीतून लहानमोठे तुकडे वेगळे होतात, लोहचुंबक लोखंडी डबे ओढून घेतो, अदृश्य किरणांच्या साहाय्याने प्लॅस्टिकचे प्रकार ओळखले जातात, आणि एवढे करूनही पट्ट्यापाशी उभे राहून माणसांना हाताने घाण वेचून काढावी लागते. आपल्या घरी एक मिनिट वाचविण्यासाठी न धुता टाकलेला डबा दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जातो. केराला ‘बाहेर’ नावाची जागाच नाही. एकाचे बाहेर ते दुसऱ्याचे घर असते. गल्लीतील केर गावाबाहेर गेला तरी कोणाच्या तरी शेताच्या बांधाशी पडतो आणि देशाबाहेर गेला तरी कोणाच्या तरी किनाऱ्याला लागतो. पैसे वाचविण्यासाठी काही लोकांनी केर रात्री आडवाटेने टाकण्याचाही मार्ग पत्करला. डब्लिनच्या दक्षिणेस असलेल्या विकलो पर्वतातील असा केर उचलण्यासाठी स्वतंत्र उपक्रम चालवावा लागला. ज्यांनी टाकला त्यांनी आकार चुकविला. तो भरला इतर सर्वांनी.

१ फेब्रुवारी २०२४ पासून आयर्लंडने तिसरी वाट धरली. पेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर व धातूच्या डब्यावर अनामत रक्कम घेतली जाऊ लागली. अर्ध्या लिटरपर्यंत १५ सेंट आणि त्याहून मोठ्या बाटलीस २५ सेंट. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात परत दिली की ही रक्कम परत मिळते. सोड्याची काचेची बाटली दुकानदाराला परत करून अनामत घेण्याची आपल्याकडील जुनी रीत ज्यांना आठवते, त्यांना यात नवे काहीच वाटणार नाही. मात्र हिरव्या डब्यातील सर्वांत मौल्यवान माल, म्हणजे ॲल्युमिनियम व स्वच्छ प्लॅस्टिक, यामुळे त्या डब्यातून दूर झाला. आणि ज्यांना पैशाची निकड आहे असे काही लोक सार्वजनिक पेट्यांतून बाटल्या वेचताना दिसू लागले. कोणतीही व्यवस्था नवा प्रश्न निर्माण केल्यावाचून जुना प्रश्न सोडवीत नाही.

या साऱ्या इतिहासातून तीन प्रकारचे पैसे दृष्टीस पडतात. पहिला, पिशवीचा पैसा. तो वागणूक बदलून टाळता येतो. दुसरा, अनामतीचा पैसा. तो दिला तरी परत मिळविता येतो. तिसरा, डब्याचा पैसा. तो कितीही शहाणपणाने वागले तरी थोडाफार द्यावाच लागतो. पहिल्या दोहोंनी सवयी बदलल्या आणि त्यांवरून तुरुंग भरले नाहीत. तिसऱ्याने कलह माजविला, कारण त्यात शिस्त लावणे आणि खर्च भागविणे हे दोन हेतू एकत्र मिसळले गेले आणि ज्याला टाळता येणे शक्य नाही त्याची विचारपूस करणारा कोणी राहिला नाही. निष्कर्ष असा की, केर उचलण्याचे काम कंपनी करील, सहकारी संस्था करील किंवा ग्रामपंचायत स्वतः करील. परंतु कोणाचाही केर दारात कुजत पडू नये, ही जबाबदारी सार्वजनिकच राहते. ती विकता येत नाही आणि कंत्राटानेही देता येत नाही.

महाराष्ट्रातही या प्रश्नाचे एक लक्षणीय उत्तर निघाले आहे, आणि त्याचा उगम शिक्षणकार्यात आहे, ही गोष्ट शिक्षकांना विशेष अभिमानाची वाटावी. पुण्यात १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी शिक्षणाचे काम करीत होत्या. त्या स्वतः या मुलांबरोबर व त्यांच्या आयांबरोबर हिंडल्या. उकिरडा उपसण्याऐवजी घराघरांतून वेगळा केलेला सुका कचरा थेट मिळाला, तर आईची मिळकत वाढेल, श्रम कमी होतील आणि मुलाला शाळेत जाता येईल, हे त्यांच्या ध्यानात आले. यातूनच १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे वेचकांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली व २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेने तिच्याशी करार केला. घरोघरचे कुटुंब दरमहा ठरावीक रक्कम कचरा नेणाऱ्या व्यक्तीला देते आणि वेगळ्या काढलेल्या मालाच्या विक्रीचे उत्पन्नही तिलाच मिळते. येथेही आकार आहे; परंतु तो कोणाला मिळतो हे देणाऱ्याला दिसते आणि घेणाऱ्याचे नाव त्याला ठाऊक असते. या व्यवस्थेतही वाद आहेत. पैसे थकविणारे आहेत, आणि हे काम ठेकेदारांकडे द्यावे की काय, ही चर्चाही वेळोवेळी उठली आहे. तथापि कचऱ्याच्या व्यवहारातून माणूस वगळता कामा नये, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

आता शाळेने यात काय करावयाचे? आयर्लंडमध्ये १९९७ पासून ‘हरित शाळा’ हा उपक्रम चालू आहे व त्याचा पहिला पाठच केराचा असतो. विद्यार्थ्यांची समिती आधी शाळेतील केराची पाहणी करते, मग योजना आखते, तिची नोंद ठेवते आणि गावाला कळविते. आपल्या शाळांनाही हे सहज साधण्यासारखे आहे. त्यासाठी निधीची अथवा परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. तिसरी-चौथीच्या विद्यार्थ्यांनी एक आठवडा शाळेतील केर ओला, सुका व निरुपयोगी असा वेगळा करून ताणकाट्यावर तोलावा. त्याचे कोष्टक व आलेख करावेत. शालेय पोषण आहारातील भाजीच्या देठांचे खत शाळेच्या बागेतच व्हावे. घरच्या पावतीवरील आरोग्य कर किती आहे, हे विद्यार्थ्याने वडीलधाऱ्यांना विचारून यावे. त्या रकमेला गावातील घरांच्या संख्येने गुणावे आणि गाडीचा चालक, इंधन व दुरुस्ती यांना ती पुरेल काय, याचा अंदाज वर्गात बांधावा. गणित, परिसर अभ्यास आणि नागरिकशास्त्र हे तीन विषय एकाच उकिरड्यापाशी भेटतात.

मात्र दोन गोष्टींची दक्षता शिक्षकांनी डोळ्यांत तेल घालून घ्यावी. पहिली अशी की, केर तोलताना कोणाच्या घराची गरिबी किंवा आजारपण चव्हाट्यावर येऊ नये. घरचा केर शाळेत आणवून मुलामुलांत तुलना करू नये. शाळेचा केर पुरेसा आहे. दुसरी याहूनही महत्त्वाची. झाडण्याचे व केर उचलण्याचे काम वर्गातील मुलींवर, किंवा ज्यांच्या घराण्यावर समाजाने हे काम पिढ्यान्पिढ्या लादले त्या घरांतील मुलांवर, नकळतही पडू देऊ नये. पाळीपत्रक लावावे, त्यात प्रत्येकाचे नाव असावे आणि शिक्षकांचेही असावे. संत गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला तो गावाला लाज वाटावी म्हणून नव्हे; या कामात लाजण्यासारखे काही नाही, हे गावाला कळावे म्हणून. गुरुजींच्या हाती एकदा खराटा दिसला की मुलांना पुढील व्याख्यानाची गरज उरत नाही.

आज ना उद्या ग्रामसभेपुढे ठराव येईल : केर नेण्याचे कंत्राट द्यावे, दरमहा घरटी अमुक रुपये घ्यावेत. अशा वेळी सभेत बसलेल्यांपैकी कित्येकांना चार प्रश्न सुचले पाहिजेत. जो देऊ शकत नाही त्याचे काय? दर कोण ठरविणार आणि वाढविणार? केर शेवटी कोठे जाणार? आणि तो उचलणाऱ्याच्या हाती काय पडणार? हे प्रश्न विचारण्याची सवय प्रौढपणी एकाएकी लागत नाही. ती दहा वर्षांच्या मुलाला ताणकाटा धरावयास शिकविताना लागते. आयर्लंडला हे प्रश्न रस्त्यावर आणि न्यायालयात विचारावे लागले. आपल्या गावाला ते ग्रामसभेतच शांतपणे विचारता यावेत, यासाठी जे करावयाचे ते शाळेतच करावे लागेल.